मामांना मिंट, भाच्याला आर्च

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेट बंद झाली आणि आमच्या नात्यागोत्यात मला एकदम भाव आला. मी पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. घरच्यांच्या लेखी याचा अर्थ 'ती कॉम्प्युटरमधली आहे', म्हणजे प्रिंटरपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत सगळं तिला विचारायचं. दिवाळीला कऱ्हाडला मामांकडे गेले, तर फराळाच्या आधी लॅपटॉप समोर आला.

मामा निवृत्त मुख्याध्यापक. लॅपटॉप सहाव्या पिढीच्या इंटेल आय-थ्री प्रोसेसरचा, ४ जीबी रॅम, आत फिरती हार्ड डिस्क. विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, म्हणजे हे मशीन दारातूनच परत. दुकानदाराने नवीन घ्यायला सांगितलं होतं. मामांचं म्हणणं सरळ होतं, "अगं, चालतंय की सगळं. चालती वस्तू टाकायची कशाला?" त्यावर माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आजोबा, लिनक्स टाका. आर्च टाका, मी देतो टाकून." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत सिस्टिम, आणि आर्च हा तिचा एक प्रकार.

इथून पुढचे काही आठवडे मी तीन मशीनसाठी तीन निर्णय घेत होते. मामांचं, भाच्याचं आणि माझं स्वतःचं.

नुसतं 'लिनक्स टाका' म्हणून भागत नाही, हे मामांना समजावून सांगायला थोडा वेळ गेला. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये लिहायला घेतला तो कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा गाभा. त्याच्याभोवती मेनू, फाइल उघडायचे प्रोग्रॅम, अपडेटची यंत्रणा असं सगळं बांधून जे तयार पॅकेज मिळतं ती डिस्ट्रो. या शेकड्यांनी आहेत. पण कुळं मोजकीच. १९९३ची डेबियन ही आजी, २००४ची उबुंटू तिची लेक, २००६ची मिंट ही नात. मामांना ही वंशावळ लगेच पटली आणि त्यांनी विचारलं, "मग आजी असताना नात कशाला?" प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. त्याचं उत्तर मी माझ्या मशीनच्या वेळी देणार आहे.

नेटवर 'नवशिक्यांसाठी उत्तम दहा डिस्ट्रो' अशा याद्यांचा महापूर आहे. डिस्ट्रोवॉचच्या क्रमवारीचाही फार दाखला दिला जातो. पण ती क्रमवारी त्या त्या डिस्ट्रोचं पान किती जणांनी उघडून पाहिलं यावर असते, किती जण ती वापरतात यावर नाही. आणि या याद्यांमागची सोपी-अवघड ही मोजपट्टीच मला पटत नाही. मिंट वापरायला सोपी आहे तशी उबुंटूही आहे, आणि एकदा नीट बसवून दिली तर डेबियनही आहे. बसवून दिली तर आर्चसुद्धा मामा पहिला महिना आरामात वापरतील. ब्राउझर तोच, लिहायला लिब्रेऑफिस तेच. फरक पडतो तो बिघडल्यावर. म्हणून मी दोनच गोष्टी विचारते: बिघडलं तर नीट कोण करणार, आणि त्या माणसाला ते करण्यात रस आहे का? मामांच्या बाबतीत नीट करणारी मी, दीडशे किलोमीटरवर, आणि मला सुट्टीच्या दिवशी त्यात काडीचा रस नाही.

मामांना मी 'तुम्ही काय काय करता?' असं विचारलं नाही. त्यांना नेहमीची कामं करायला बसवलं आणि शेजारी खुर्ची टाकून बघत राहिले. मेल, बँक, रेल्वेचं तिकीट, यूट्यूबवर कीर्तन. हे सगळं ब्राउझरमध्ये, म्हणजे तिथं काळजी नाही. मग त्यांनी एका दिवाळी अंकाला पाठवलेला लेख उघडला आणि खरी अडचण दिसली. गेली कित्येक वर्षं ते युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतपद्धतीच्या, आधीच्या जमान्यातल्या एका मराठी फॉन्टमध्ये लिहीत होते. तो फॉन्ट काढून घेतला की लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि कंस यांची खिचडी दिसते, कारण फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. मिंट, उबुंटू, फेडोरा काहीही निवडलं तरी हा प्रश्न तसाच राहणार होता. डिस्ट्रो निवडायला बसलेल्या मराठी माणसाने हे सगळ्यात आधी तपासावं असं माझं मत आहे, आणि ते कुठल्याच यादीत नसतं.

तर आधी फायली युनिकोडमध्ये आणायचं काम. त्यासाठी मोफत परिवर्तक मिळतात आणि ते नव्वद टक्के काम चोख करतात. उरलेल्या दहा टक्क्यांत 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. मामांनी एक लेख छापून घेतला आणि लाल पेनाने गोल करायला सुरुवात केली. पहिल्या पानावरच इतके गोल झाले की मी म्हटलं, मामा, हे शोधा-बदला करून एका फटक्यात होईल. तसं ते झालंही, पण 'सूर्य' आणि 'कार्य' बदलून 'सूऱ्य' आणि 'काऱ्य' होऊ नये म्हणून शब्दांची यादी त्यांनीच हाताने करून दिली. मुख्याध्यापकाला काम मिळालं की तो खूश.

हे चालू असताना मी पेनड्राइव्ह तयार केला. व्हेंटॉय नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो पेनड्राइव्हवर एकदा बसवला की त्यात हव्या तेवढ्या डिस्ट्रोंच्या आयएसओ फायली (एकेका डिस्ट्रोची अख्खी प्रत) नुसत्या कॉपी करून टाकायच्या आणि मशीन सुरू होताना हवी ती निवडायची. मिंट सिनॅमन, मिंट एक्सएफसीई (मिंटचीच दोन रूपं), उबुंटू, डेबियन अशा चार घेतल्या. प्रत्येकीचा चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का हे सांगणारा आकडा, जुळवून पाहिला. हे बरेच जण टाळतात. पण फेब्रुवारी २०१६मध्ये खुद्द मिंटच्याच साइटवर हल्ला होऊन डाउनलोडची लिंक हल्लेखोराला शिरायला मागचं दार ठेवलेल्या बनावट आयएसओकडे वळवली गेली होती, हे माहीत असल्यावर तो एक मिनिट घालवायला जड जात नाही.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवलं की डिस्कला हात न लावता सगळं पाहता येतं. माझा क्रम ठरलेला आहे. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, आणि झाकण मिटून परत उघडल्यावर मशीन जागं होतं का. हे शेवटचं लोक तपासत नाहीत आणि नंतर त्यावरूनच वैतागतात. मामांच्या मशीनवर चारही डिस्ट्रोंनी हे सगळं निमूट केलं. डेबियनला पूर्वी वायफायचं फर्मवेअर, म्हणजे त्याचं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, बाहेरून आणून घालावं लागायचं, पण २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. त्यामुळे डेबियन नवशिक्याची नाही हे म्हणायचं मुख्य कारणच गेलं.

मग मिंट का? खरं सांगायचं तर थोडक्यात पास झाली. मामांचा हात आपोआप खाली डाव्या कोपऱ्यात जातो आणि सिनॅमनचा मेनू तिथंच असतो. उबुंटूत डावीकडे उभी पट्टी येते. ती वाईट नाही, पण पंच्याहत्तरीच्या माणसाच्या हाताची सवय मोडण्यात मला काही पुण्य दिसत नव्हतं. दुसरं, मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीपासूनच असतं. ते अधूनमधून सिस्टिमची प्रत काढून ठेवतं आणि अपडेटने काही बिघडलं तर मागच्या तारखेला नेतं. मामांचं काही अडलं तर 'कालचं परत आणा' एवढं मला फोनवर सांगता आलं पाहिजे. फक्त जपून ठेवायच्या प्रतींची संख्या कमी ठेवायची, नाहीतर छोटी डिस्क भरून जाते. तिसरं, मिंट २२ ही उबुंटू २४.०४वर बेतलेली आहे आणि २०२९पर्यंत तिला अपडेट मिळणार आहेत. तोवर मोठं काही करायची गरज नाही.

एक खर्च मात्र करायला लावला. फिरती डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणि आणखी ४ जीबी रॅम. हे न करता नुसतं फॉरमॅट मारून लिनक्स टाकलं आणि 'जुनं मशीन पळायला लागलं' असं कुणी सांगत असेल तर त्यावर पटकन विश्वास ठेवू नका. निम्म्याहून अधिक फरक त्या एसएसडीचा असतो. जुनी डिस्क एका केसमध्ये घालून मामांच्या कपाटात ठेवली, जशीच्या तशी. कुणाच्याही मशीनवर 'इरेज डिस्क' हे बटण दाबायच्या आधी तिथली जुनी डिस्क बाहेर असावी हा माझा नियम आहे. नात्यातल्या माणसाचे फोटो गेले तर ते नातं कुठलंच टाइमशिफ्ट परत आणत नाही.

कीबोर्डचं सोपं निघालं. मामा पूर्वीपासून इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीने टाइप करतात आणि मराठी इनस्क्रिप्ट मिंटच्या सेटिंगमध्ये आधीपासून होतं. एवढंच, की 'दुसऱ्या'साठी आधी शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य, हे त्यांना नव्याने शिकावं लागलं. जुन्या फॉन्टमध्ये त्यांची काहीतरी वेगळीच युक्ती होती. एक परिच्छेद टाइप करून झाल्यावर ते चष्मा वर करून स्क्रीनजवळ गेले आणि म्हणाले, "हा श आपला नाही. ल पण नाही." पाकळीच्या ल-ऐवजी दांडीचा ल आणि देठाच्या श-ऐवजी हिंदी वळणाचा श आला होता. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी धरली गेली होती. ती मराठी केली, दोन्ही वळणं असलेला फॉन्ट घेतला आणि अक्षरं जागच्या जागी बदलली. मामा बराच वेळ हिंदी-मराठी, हिंदी-मराठी करून ती अक्षरं बदलताना बघत बसले. लिनक्सविषयीचा आदर त्या क्षणी वाढला असावा, जरी श्रेय त्यात फॉन्ट करणाऱ्याचं होतं.

प्रिंटर आडवा आला. गल्लीतल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तसला छोटा लेझर प्रिंटर, पण त्याचा लिनक्स ड्रायव्हर इतका जुनाट की कधी छापायचा, कधी पहिल्या पानानंतर गप्प. एक संध्याकाळ घालवली आणि सोडून दिलं. मामा आता पीडीएफ करून कोपऱ्यावर छापून आणतात. प्रिंटरशिवाय ज्याचं चालणारच नाही त्याने आधी पेनड्राइव्हवरून एक पान छापून बघावं आणि मगच पुढचं बोलावं.

मी पुण्याला परतल्यावर पहिला फोन आला तो मात्र वेगळ्याच कारणाने. "अगं, डी ड्राइव्ह कुठं गेला?" तीस वर्षं सी आणि डी यांच्यात राहिलेल्या माणसाला लिनक्समध्ये सी-डी नसतात, आपल्या फायली होम फोल्डरमध्ये असतात हे फोनवर सांगणं मला जमेना. दुरून मशीन चालवायचं रस्टडेस्क लावून ठेवलं होतं, त्यावरून मशीन उघडलं, एक फोल्डर केला, त्याला 'डी ड्राइव्ह' नाव दिलं आणि फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत टाचून ठेवला. विषय संपला.

भाच्याचं प्रकरण वेगळं. त्याच्या मशीनवर आधी काली लिनक्स, म्हणजे सुरक्षा तपासणाऱ्यांसाठीची डिस्ट्रो, होतं, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांकडे असतं. काळ्या स्क्रीनवर तो ड्रॅगन दिसला की हॅकर झाल्यासारखं वाटतं. कालीच्या स्वतःच्या माहितीपत्रात लिहिलंय की लिनक्सची ओळख नसलेल्याने रोजच्या वापराला ही घेऊ नये, पण ते वाचतो कोण. आता त्याला आर्च हवं होतं, कारण कुणाच्या तरी डेस्कटॉपचे स्क्रीनशॉट पाहिले होते.

सगळ्यांना वाटलं मी नाही म्हणणार. मी हो म्हटलं. तो नवशिका आहे हे खरं, पण त्याच्याकडे वेळ आहे, बिघडलेलं उघडून बघायची हौस आहे, आणि बिघडलं तर नुकसान त्याचंच. आर्च २००२मध्ये जड व्हिनेटने सुरू केली तेव्हापासून तिचा खाक्या असा की तुम्हाला काय हवं ते तुम्ही सांगा, आम्ही आपणहून काही घालणार नाही. शिकायला यासारखं दुसरं काही नाही. आणि आर्चचं विकी इतकं चांगलं आहे की डेबियनवाले आम्हीही तेच उघडतो.

अटी मात्र घातल्या. विंडोज ठेवलेल्या डिस्कला हात लावायचा नाही, दुसरी एसएसडी घ्यायची. आर्चइन्स्टॉल नावाची तयार स्क्रिप्ट पहिल्यांदा वापरायची नाही, सगळं हाताने करायचं. कॉलेजची सबमिशनं कायम दुसरीकडेही ठेवायची. परीक्षेच्या आठवड्यात अपडेट मारायचं नाही.

पार्टिशन, माउंट, पॅकस्ट्रॅप, एफएसटॅब, बूटलोडर अशा एकेक पायऱ्या हाताने चढत रात्री उशिरा त्याचं मशीन पहिल्यांदा आपल्या पायावर उठलं आणि त्याचा फोन आला, "मावशी, नेटच नाही." बेस पॅकेजमध्ये वायफाय जोडून देणारा प्रोग्रॅम येत नाही, तो वेगळा सांगावा लागतो. आणि नेट नाही म्हणून तो डाउनलोडही करता येत नाही. झोप मोडल्यामुळे मी फार बोलले नाही. "पेनड्राइव्हवरून परत बूट कर, डिस्क माउंट कर, आर्च-क्रूट कर आणि आत जाऊन नेटवर्कमॅनेजर टाक." अर्ध्या तासात अंगठ्याचं चित्र आलं. बाहेरून शिरून न चालणारी सिस्टिम दुरुस्त करायची ही युक्ती मी पगार घेऊन वापरते, आणि कामावर आलेल्या नवीन मुलांपैकी बऱ्याच जणांना ती येत नाही.

आर्चमध्ये आवृत्त्या नसतात. नवं आलं की लगेच तुमच्याकडे. त्यामुळे अपडेट मारायच्या आधी त्यांच्या साइटवरची सूचना वाचायची सवय लागते, आणि काही महिने अपडेटच केलं नाही तर पॅकेज अस्सल आहे का तपासणाऱ्या सह्यांच्या किल्ल्या जुन्या होऊन पॅकेजंच नाकारली जातात. मग आधी कीरिंग, म्हणजे तो किल्ल्यांचा जुडगा, अद्ययावत करा, मग बाकीचं. मामांच्या मशीनवर हे झालं असतं तर मी कऱ्हाडची एसटी धरली असती.

आता माझं. कॉलेजात मासिकाबरोबर आलेल्या डीव्हीडीवरून सुरुवात केली, मधल्या काळात जेंटू, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याच मशीनवर मूळ कोडपासून कंपाइल करायचा. रात्रभर पंखा ओरडत असायचा आणि मी अभिमानाने त्या धावत्या ओळी बघत बसायचे. आता घरी साधी डेबियन स्टेबल आहे, ऑगस्ट २०२५मध्ये आलेली १३वी आवृत्ती. स्टेबलचा अर्थ कधी क्रॅश होत नाही असा नव्हे. आवृत्ती बाहेर पडताना प्रोग्रॅम जिथं असतात तिथं थांबवले जातात, पुढं फक्त चुकांच्या आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. साधारण दोन वर्षांनी पुढची आवृत्ती. आज सकाळी जे बटण जिथं होतं ते संध्याकाळीही तिथंच असतं. एखादा प्रोग्रॅम ताजा हवाच असेल तर फ्लॅटपॅकने, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळं बसणाऱ्या पॅकेजने, घेते.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर हे. आजी कमी बोलते. नात दर वळणावर 'हे करू का?' विचारते, ड्रायव्हर सुचवते, अपडेट आली की ढालीचं चिन्ह दाखवते. मला ते विचारलेलं नको असतं, मामांना हवं असतं. अनुभवी माणसाची डिस्ट्रो अवघडच असली पाहिजे हे कुणी पसरवलं कोण जाणे. टोरवाल्ड्स स्वतः फेडोरा वापरतो. ती बसवायला मिंटइतकीच सोपी आहे. त्याला कर्नलवर काम करायचं असतं, बाकी सिस्टिम जुळवत बसायचं नसतं.

एका माणसाला मी साफ नाही म्हटलं. आमच्या सोसायटीचे खजिनदार. मामांची हकिकत माझ्याकडूनच ऐकून ते लॅपटॉप घेऊन आले, "मॅडम, आमचंही करून टाका." मी विचारलं, टॅली आहे? आहे. डिजिटल सहीचं डोंगल लावता? लावतो, टीडीएससाठी. मग नको. टॅली विंडोजवर चालते. विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारा वाइन नावाचा प्रोग्रॅम घालून ती लिनक्सवर ओढता येईलही, पण ३१ मार्चच्या रात्री ती अडली तर माझ्या दारावर कोण येणार हे मला ठाऊक आहे. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापराच्या विंडोज १०ला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे, तेवढी चालू करून दिली. नवीन लॅपटॉपचा विषय ते सप्टेंबरच्या वार्षिक सभेत घेणार आहेत, आणि मागच्या सभेत पाण्याच्या मोटरवरच दोन तास गेले होते.